सरकारला पटेल असं बाळंतपण

ज्या मैत्रिणींची या उन्हाळ्यात लग्नं आहेत, त्यांनी हे आताच सेव्ह करून ठेवावं. डोहाळे नंतर लागतात, कागदपत्रं आधी लागतात. प्रधानमंत्री मातृवंदना नावाची योजना 2017 पासून आहे. पहिल्या लेकराला 5000 रुपये. नोंदणी आणि तपासणी झाली की 3000, बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्या की 2000. वंदना म्हणजे नमस्कार. माझं लेकरू पाच महिन्यांचं झालं, आणि मीच आता योजनेला लांबून नमस्कार करते आहे.

तर अनुभवाचे बोल.

पहिलं म्हणजे, जमलं तर शेतमजूर होऊच नका. मातृत्व रजेच्या कायद्यात बसणारी नोकरी धरा, म्हणजे 26 आठवडे भरपगारी रजा मिळते. अट सोपी आहे, बाळंतपणाआधीच्या वर्षभरात 80 दिवस काम भरलेलं पाहिजे. माझे सहज भरले असते. निंदण केलं, सोयाबीन सोंगलं, पोट दिसायला लागलं तरी सीतादहीच्या, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीच्या पूजेच्या दिवशी कापसात उभी होते. फक्त मालक दर आठवड्याला वेगळा, आणि मस्टर म्हणजे मालकिणीच्या वहीतल्या रेघा. आमच्यासारख्यांना हे 5000 आहेत. 26 आठवडे म्हणजे 182 दिवस. भागाकार करून पाहिला, रोजचे 27 रुपये 47 पैसे येतात. किलोला 10 रुपये वेचाई धरली तर पावणेतीन किलो कापूस. माझं लेकरूच जन्मताना पावणेतीन किलोचं होतं, हिशेब बरोबर जुळला.

नवरा केंद्र सरकारच्या नोकरीतला करा, त्याला 15 दिवस पितृत्व रजा मिळते. माझ्या नवऱ्याला जिनिंगमधून एक दिवस मिळाला, बिनपगारी.

शेवटच्या पाळीची तारीख पाठ ठेवा, फॉर्मवर तीच विचारतात. लग्नाची विसरलात तरी चालेल.

पहिलं बाळंतपण माहेरी करू नका. हो, माहीत आहे, आपल्याकडे आजीच्या आजीपासून तसंच चालत आलं आहे. पण सरकारला माहेर ही गोष्ट समजत नाही. माझी नोंदणी सासरी यवतमाळ जिल्ह्यात, बाळंतपण माहेरी वर्धा जिल्ह्यात, लसी तिथल्या उपकेंद्रात. इथली आशाताई म्हणते, लसी तिथल्या, तिथून लिहून आणा. तिथली म्हणते, फॉर्म तिथला, तिथेच विचारा. दोघींचाही दोष नाही, दोघी मानधनावर राबतात. दोष माझ्या आईचा, तिने मला डिंकाचे लाडू खायला बोलावलं.

आणि नाव! लग्नानंतर नाव बदलू नका. किंवा बदलायचंच तर पाळण्यातच बदलून ठेवा. माझ्या आधारवर माहेरचं नाव आहे, बापाचं नाव, बापाचं आडनाव. लग्नानंतर उघडलेल्या बँक खात्यावर सासरचं. तपासणीच्या कार्डावर नर्सबाईंनी घाईत लिहिलेलं घरातलं लाडाचं. रेशनकार्डावर मी अजून माहेरीच जेवते आहे. चार कागद, चार बाया, आणि पोर एकटीलाच झालं! आधारवरचं नाव बदलायला गेले तर सांगितलं, लग्नाचा दाखला आणा, आणि नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा विचार करून बदला. विचार करूनच लग्न केलं होतं हो.

बरं, तेही जमवलं असतं. पण गेल्या बुधवारी कळलं की माझे 3000 केव्हाच जमा झाले आहेत. कुठे? माझ्या दुसऱ्या खात्यात. मी म्हटलं, मला दुसरं खातं नाही. सेतू केंद्रातला पोरगा म्हणाला, आहे ताई, आधार त्यालाच जोडलेलं आहे. कॉलेजात असताना बाजाराच्या दिवशी छत्रीखाली बसलेल्या माणसाकडून सिमकार्ड घेतलं होतं, त्याने अंगठा दोनदा लावायला लावला होता. एक सिमचा आणि एक खात्याचा, हे मला आत्ता कळतंय! ते सिम कधीच बंद पडलं. आता त्या नंबरवर ओटीपी जातो आणि फोन लावला की कोणी एक काका उचलतात, रॉंग नंबर म्हणून ठेवून देतात. म्हणजे सरकारने पैसे दिले, मला मिळाले, आणि माझ्याकडे नाहीत. बँकेत गेले तर म्हणे सर्व्हरची लिंक नाही, उद्या या. उद्या गेले तर म्हणे आधार दुसरीकडे जोडलेलं आहे, आधी ते सोडवा. कोणाकडून सोडवू? ते आम्हाला दिसत नाही मॅडम. त्रेचाळीस डिग्रीत, एसटीचं अर्धं तिकीट काढून (तेवढं एक बाईमाणसाला खरंच मिळतं), कडेवर लेकरू घेऊन तिसरी चक्कर. सासूबाई दारातच बसलेल्या. "लेकराले घेऊन काऊन फिरतं वं उन्हातानात? तीन हजारासाठी मरतं का आता?"

दुसऱ्या वेळी मुलगीच होऊ द्या, 6000 मिळतात, एकरकमी. मुलगा झाला तर काहीच नाही. आणि आधी बघायचं नाही हं, 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे.

त्या बुधवारी बँकेच्या रांगेत माझ्यामागे एक गृहस्थ होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन. लेकरू रडायला लागलं तसे शेजारच्याला म्हणाले, "फुकटच्या पैशासाठी पोरं घेऊन येतात या बाया."

काका, तेव्हा लेकरू सांभाळत होते, म्हणून आता बोलते. 2013 चा अन्न सुरक्षा कायदा आहे. त्यात लिहिलं आहे, सरकारी नोकरी किंवा असाच दुसरा लाभ नसलेल्या गर्भवतीला कमीत कमी 6000 रुपये. पहिल्या-दुसऱ्याची अट त्यात नाही, मुलगा-मुलगीची नाही. योजना काढताना 5000 झाले. जननी सुरक्षा योजनेत दवाखान्यातल्या बाळंतपणाला मिळणारे गावाकडचे 700 धरले तरी 5700. माझ्याच हक्कातले 300 कमी करून वर मी फुकटी? तुमच्या घरच्या सूनबाई सहा महिने पगारी रजेवर होत्या तेव्हा त्यांना कोणी फुकटी म्हणालं होतं का? म्हणू नयेच. त्या घरी बसल्या ते बरोबर केलं. मी मात्र सव्वा महिना होताच टोपलं उचललं, कारण हंगाम थांबत नाही आणि किराणेवालाही थांबत नाही.

आणि साहेब, तुम्ही काचेमागचे. बायको माहेरी जाते आणि तिचं नाव बदलतं, हे तुम्हाला तुमच्या घरात माहीत आहे ना? मग खुर्चीवर बसल्यावर कसं विसरता? माझ्या हातात कार्ड आहे, कडेवर पुरावा रडतो आहे, आणि तुम्ही मला विचारता, "हे तुमचंच कशावरून?"

मंगळवारी लग्नाच्या दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत जाते आहे. ग्रामसेवक मंगळवारीच येतात. आले तर.