बाबागाडी घेताय? फक्त वजन बघा!

प्रवासाला हलकी बाबागाडी घ्यायचं ठरलं ना? मग डोकं फार शिणवू नका, खोक्यावरचं वजन वाचा. ५.९ किलो दिसलं की विषय संपला. हे वजन छत आणि पुढची आडवी दांडी काढून तर मोजलं नाही ना, असले खवचट प्रश्न विचारून विक्रेत्याला अवघडून टाकू नका.

‘एका हाताने घडी’ हे वाक्यही जसंच्या तसं मानून घ्या. दुकानात दोन्ही हात मोकळे ठेवून, गुळगुळीत फरशीवर घडी घालून बघा. काखेत मूल, खांद्यावर पिशवी आणि समोर लिफ्टचं दार मिटत असताना घडी होते का, आणि झालेली घडी आपली आपण उभी राहते का, हे पुढे कळेलच.

चाकं जितकी चिमुकली तितकी गाडी देखणी. फरशीची उचललेली कड आली की पुढचं चाक जागच्या जागी थबकतं, दांडा मात्र पुढे जात राहतो. अशा वेळी दांडा खाली दाबून पुढची चाकं आधी उचलणारे लोक भित्रे. पट्टाही सैलच ठेवा. पाच टोकांचा पट्टा, खांद्याच्या उंचीवर, आत जेमतेम दोन बोटं जातील इतका घट्ट, एवढी शिस्त कोणाला हवी आहे?

आता मुख्य सोय. सगळ्या पिशव्या दांड्याला लटकवा. दांडा मागच्या चाकांच्याही मागे येतो, त्यामुळे तिथलं प्रत्येक किलो गाडीला मागे खेचतं. मूल बसलेलं असेपर्यंत तोल कसाबसा सांभाळला जातो. तुम्ही मुलाला उचललंत की गाडी भाजीसकट मागच्या मागे लोटांगण घालते. गाडी जितकी हलकी, तितकी ही भक्ती उत्कट. आसनाखाली पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध टोपली दिलेली असते, पण ती बहुधा शोभेची असावी.

बाळाला अजून बसता येत नाही? बसवा की! पाठ पूर्ण आडवी होते का, वयाची अट काय आहे, हे माहितीपत्रक छापणाऱ्यांनी वाचावं. ऊन लागलं तर गाडीवर जाड दुपटं पांघरा. आत हवा खेळत नाही, उकाडा साठतो आणि बाळ दिसतही नाही. तुम्हालाही तेवढीच शांतता.

छत्रीसारखी मिटणारी गाडी १९६५ मध्ये ओवेन मॅक्लारेन या विमान अभियंत्याने घडवली. म्हणून ती विमानात न्यायला कोणी अडवणार नाही, असं धरून चाला. चाकांसकट घडीची मापं घेऊन विमान कंपनीच्या नियमांशी ताडून बघणं हे संशयी माणसाचं लक्षण. आणि बिजागरीत बोट सापडतं का, हे बघायला मुलाचंच बोट हाताशी आहे. २००९ साली अमेरिकेत मॅक्लारेनच्याच सुमारे १० लाख गाड्यांच्या बिजागऱ्यांवर आवरणं बसवायची वेळ आली होती, पण तुमची गाडी वेगळी असेल.

पुढे एखादं चाक कुरकुरू लागेल, गाडी एका बाजूला ओढेल. चाक काढून आसावर गुंडाळलेले केस आणि दोरे ब्लेडने कापत बसू नका. वरून भरपूर तेल ओता. आतली धूळ त्यात छान कालवली जाते, आणि चाक पुन्हा सुटायचं नावच काढत नाही.