पाव, जपान आणि कोट्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रिया झोंबली, तरी सविस्तर लिहिलीत म्हणून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 'याकिताते!! जपान' ही पाव भाजणाऱ्या पोराची ६९ भागांची अ‍ॅनिमे (जपानी कार्टून मालिका) म्हणजे पोरखेळ, आणि पुढे तर गाडीच घसरते. 'ऊबदार हातांचा जादुई बेकर' ही थाप. पावाचा घास घेऊन परीक्षक स्वर्गात जाऊन येतो यात विनोद कसला. आणि भातखाऊ जपान्यांचा पावाशी संबंध काय?

शेवटून सुरुवात करतो. जपानीत पावाला 'पान' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, आपला 'पाव'ही तिथलाच. त्यांनी गोवा घेतला १५१० मध्ये, जपानच्या तानेगाशिमा बेटावर ते पोचले १५४३ मध्ये. म्हणजे या शब्दापुरते आपण नि जपानी चुलतभाऊ! गोव्याच्या पोदेरांनी, म्हणजे पाववाल्यांनी, पीठ फुगवलं माडाच्या सुरेनं. तोक्योत किमुराया बेकरीनं १८७४ मध्ये अझुकी कडधान्याचं गोड पुरण भरलेला 'आनपान' काढला, त्याचं पीठ आंबवलं साकेसाठी वापरतात तसल्या तांदळाच्या विरजणानं. भातखाऊंनी पाव असा भाताच्याच वाटेनं घरात घेतला. त्यामुळे मालिकेचा नायक काझुमा भाताच्या कुकरात पाव भाजतो, तेव्हा मी हसलो खरा, पण मला ते अजिबात अचाट वाटलं नाही.

आता हात. उबेनं यीस्ट जोमात येतं, कणीक लवकर फुगते, एवढं तर आपल्या इडलीच्या पिठालाही माहीत असतं. मालिकेनं ते फुगवून त्याचे 'सूर्याचे हात' केले. पण लोण्याचे पदर असले की हीच ऊब वैरीण. म्हणून तर तिथे थंडगार 'हिमवादळाचे हात' असलेली युकिनोही आहे. हे मी स्वतः भोगलंय. काझुमाचा ३२४ पदरी क्रॉसाँ बघून चेव आला आणि ऐन मे महिन्यात, दुपारी, ओट्यावर लाटायला बसलो. तिसऱ्या घडीला लोणी कडेनं गळायला लागलं, लाटणं पोळपाटावर घसरायला लागलं. ओव्हनमधून निघाली तुपात पोहणारी जाडजूड पुरी. बायको म्हणाली, "चहाबरोबर बरी लागेल." लागली.

उरला विनोद. मालिकेचं नावच कोटी आहे: इंग्लंडचा पाव आहे, फ्रान्सचा आहे, जर्मनीचा आहे, मग जपानचा 'जा-पान' का नसावा? सबटायटलमध्ये यातलं निम्मं सांडतं, कबूल. पण 'पाव किलो पाव वाहिला तरी देव पावला नाही' असल्या कोट्यांवर वाढलेल्या आपण तरी नाक मुरडू नये. आणि तो स्वर्गात जाणारा परीक्षक कुरोयानागी मला तरी 'अहाहा, जिभेवर विरघळतंय' म्हणत कॅमेऱ्याकडे डोळे मिटणाऱ्या खाद्यसमीक्षकांचा भाऊ वाटतो.

एक मात्र तुमचं बरोबर. मालिकेतली मोनाकोची पावस्पर्धा संपली की गाडी घसरते. पुढचे भाग मी भांडी घासता घासता बघितले, आणि दोनदा तर नळाच्या आवाजात काय चाललंय ते कळलंही नाही. मागे नेऊन पुन्हा बघावंसंही वाटलं नाही.