‘राबणाऱ्या बैलाला दुखत नाही’ म्हणे!

ऊस हंगाम सुरू झाला की वाळवा-कराड भागातल्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. बैलाचं कातडं जाड, त्याला दुखणं कळत नाही. दुखत असतं तर ओरडला असता, पळालाच नसता. रोज राबून तो घट्ट होतो. तेव्हा डॉक्टर-इंजेक्शनवर पैसे घालवू नका. लिहिणारा गाडीवान नसावा.

कातड्याचं लगेच मिटवू. पाठीवर माशी बसली तरी बैल नेमकी तेवढीच जागा थरथरवतो.

‘ओरडला असता’? गुरं ही मुळात शिकार होणारी जात. कळपात कण्हणारं, लंगडणारं जनावर आधी वाघाच्या नजरेत भरणार. म्हणून ती मुकाट सोसतात. दुखणं बघायचं तर वैरण, रवंथ आणि उभं राहायची ढब बघा.

‘दुखत असतं तर पळाला नसता’ यात मात्र तथ्य आहे, म्हणूनच तो फसवा मुद्दा. भीती आणि ताण अंगावर आला की मेंदू एंडॉर्फिनसारखी, मॉर्फिनच्या जातीची वेदना दाबणारी द्रव्यं सोडतो आणि वेदनेचा संदेश मज्जारज्जूतच दाबतो. १९८०च्या सुमारास उंदरांवर हे तपासलं गेलं. पायांना विजेचे झटके बसलेले उंदीर चटका लागल्यावर शेपटी उशिरा हलवत. मॉर्फिनचा असर उतरवणारं नॅलॉक्सोन दिलं की काही प्रकारच्या झटक्यांनंतरची ही बधिरता ओसरायची. म्हणजे छकड्याला जुंपलेल्या बैलाची जखम तिथंच असते, फक्त तिची खबर लांबलेली असते.

आता ‘घट्ट होतो’. घडतं उलटंच. उंदरांना रोज जबरदस्तीनं पोहायला लावलं, तर पुढे कित्येक दिवस त्यांचे पंजे थोड्याशा चटक्यानंही झटकले जातात. ताण रोजचा झाला की ते बुजरेही होतात, उंचावरच्या उघड्या फळीवर जायचं टाळतात. याउलट आपल्या मर्जीनं चाकावर धावणाऱ्या उंदरांची वेदना कमी होते, असंही दिसलंय. तेव्हा कामाशी माझं भांडण नाही. सुटका नसलेल्या कामाशी आहे.

खांदा सुजलेला बैल जू दिसताच मागं सरतो, शिंग उगारतो. आपण म्हणतो मारका झाला, आणि पराणी लावतो! १९६५च्या केंद्रीय नियमांत टोकदार पराणीला बंदी आहे. दिवसाला ९ तासांच्या वर आणि विश्रांतीशिवाय सलग ५ तासांच्या वर काम घ्यायचं नाही. पारा ३७ अंशांवर जातो तिथं दुपारी १२ ते ३ जुंपायचंच नाही. कारखान्यात ऊस टाकायच्या गव्हाणीच्या रांगेत जू मानेवर ठेवून काढलेले तास यात कोण धरतो, कुणास ठाऊक.

राहिला पैशाचा हिशोब. लंगड्या गाईंवर ब्रिटनमध्ये झालेल्या, १९९८ला छापून आलेल्या अभ्यासात, खुराच्या काही दुखण्यांत उपचारानंतर २८ दिवसांनीही पाय जास्तच हळवा आढळला. उशीर केला तर मज्जासंस्था दुखणं धरून बसू शकते, मग जखम भरली तरी बैल उभा राहतो ठाणावरच. औषध पशुवैद्यकाकडूनच घ्या. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेल्या जनावराचं मढं खाऊन गिधाडं मरतात, म्हणून जनावरांसाठी त्यावर २००६पासून बंदी आहे. माणसांची बाटली आणून टोचू नका. त्याऐवजी मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक मिळतं.