कंट्री म्युझिक "फक्त गोऱ्यांचं"? आधी बँजो कुठून आला ते बघा

परवा भाचीचा फोन, गॅदरिंगसाठी बसवलेलं गाणं ती बदलतेय. दोन महिने जॉन डेन्व्हर या अमेरिकन गायकाचं कंट्री गाणं गिटारवर घोटत होती पोरगी, बोटांना घट्टे पडले, आणि आता म्हणते "नको मावशी, ते रेसिस्ट लोकांचं म्युझिक आहे." कुणी सांगितलं? तर क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा फॉरवर्ड. तोच फॉरवर्ड मलाही तीन ठिकाणांहून आलाय. त्यात म्हटलंय की कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेड्यापाड्यांतून आलेलं गाणं-बजावणं, हे फक्त गोऱ्या अमेरिकनांचं, काळ्या लोकांचा त्याच्याशी संबंध नाही, सगळी गाणी तीन कॉर्डची, बायकांना जागा नाही आणि अमेरिकेबाहेर कुत्रंही ऐकत नाही.

पहिल्या मुद्द्याने माझं डोकं फिरलंय, म्हणून तोच आधी.

कंट्री म्हटलं की कानात जो बँजो वाजतो ना, तो मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांचा. भोपळ्यावर कातडं ताणायचं, त्याला दांडी आणि तारा लावायच्या. सेनेगाल-गाम्बियाकडे आजही अकोंटिंग नावाचं वाद्य वाजवतात, ते एकदा बघा, नातं लगेच दिसतं. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहराचा ग्रँड ओल ऑप्री हा रेडिओ शो म्हणजे कंट्रीची पंढरीच, आणि १९२७ च्या डिसेंबरमध्ये ज्या रात्री ते नाव पहिल्यांदा माइकवर उच्चारलं गेलं त्या रात्री हार्मोनिका वाजवत होता डीफोर्ड बेली, काळा माणूस. कार्टर फॅमिली, ज्यांना कंट्रीचं पहिलं घराणं म्हणतात, त्यांचे ए. पी. कार्टर गावोगाव गाणी गोळा करत फिरायचे तेव्हा बरोबर लेस्ली रिडल असायचा, शब्द कार्टर उतरवून घ्यायचे आणि चाल रिडल लक्षात ठेवायचा. रिडलही काळाच. कंट्रीचा बडा गायक हँक विल्यम्स, त्याला लहानपणी शिकवणारा रूफस पेनही काळाच, रस्त्यावर वाजवून पोट भरणारा. हे मी मनाचं सांगत नाहीये, केन बर्न्सची कंट्रीवरची २०१९ ची आठ भागांची डॉक्युमेंट्री आहे, यातलं बरंचसं तिच्यात सापडेल, निदान पहिला भाग तरी बघा आणि मग फॉरवर्ड करा.

आता, अर्धं खरं आहे ते मान्य करते, करावंच लागेल. १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या याच संगीताचे दोन कॅटलॉग केले, गोऱ्यांचं ते 'हिलबिली' आणि काळ्यांचं ते 'रेस रेकॉर्ड्स'. बेलीला १९४१ मध्ये ऑप्रीतून काढलं, पुढे त्याने बूटपॉलिशच्या दुकानावर दिवस काढले, आणि कंट्रीच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव आलं २००५ मध्ये, त्याला जाऊन तेवीस वर्षं झाल्यावर. चार्ली प्राइड या काळ्या कंट्री गायकाच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड्स रेडिओवाल्यांना फोटोशिवाय पाठवल्या होत्या, रंग कळू नये म्हणून. तोच प्राइड १९७१ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा एंटरटेनर ऑफ द इयर झाला. म्हणजे रेसिझम होता, भरपूर होता, पण तो धंदा करणाऱ्यांनी केला आणि वाजवणारी काळी माणसं झाकून टाकली. आणि "काळ्यांचा संबंध नाही" असं लिहिणारा हा फॉरवर्ड नेमकं तेच करतोय, त्यांना दुसऱ्यांदा पुसतोय, तेही रेसिझमविरुद्ध बोलल्याच्या थाटात!

तीन कॉर्ड, म्हणजे गिटारवर एकत्र वाजणाऱ्या सुरांचे तीनच गट? हो, असतात बऱ्याच गाण्यांत. मग काय झालं? जात्यावरच्या ओवीची चाल किती साधी असते, म्हणून ओवी छोटी होते का? जीव शब्दांत असतो.

बायकांचं, १९५२ मध्ये गायिका किटी वेल्स बिलबोर्ड या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या कंट्री यादीत एकटीच्या नावावर पहिल्या नंबरला गेली. गायिका लोरेटा लिनने १९७५ मध्ये संततिनियमनाच्या गोळीवर गाणं काढलं, कितीतरी स्टेशनांनी ते लावायला नकार दिला तरी लोकांनी ऐकलंच. रेडिओवर बायका आजही कमी लावतात हे खरंय, २०१५ मध्ये एका रेडिओ सल्लागाराने बायकांना सॅलडमधले टोमॅटो म्हटलं होतं, म्हणजे मुख्य नव्हे, मधूनमधून थोडेसे टाकायचे, चीड येते. पण ती चीड रेडिओवाल्यांवर काढा ना, त्या बायकांची गाणी का बंद करता?

आणि अमेरिकेबाहेर कुणी ऐकत नाही हे तर वांद्र्याच्या, वसईच्या किंवा गोव्याच्या एखाद्या ख्रिश्चन घरात जाऊन बोलून दाखवा, जिथे कंट्री गायक जिम रीव्हजच्या गाण्यांशिवाय नाताळ होत नाही! ऑस्ट्रेलियात टॅमवर्थला १९७३ पासून कंट्रीचा मोठा महोत्सव भरतो. आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट केनियाची. तिथे किप्सिगिस लोकांपर्यंत सुरुवातीचा कंट्री गायक जिमी रॉजर्सच्या रेकॉर्ड्स पोचल्या, त्याचं नाव त्यांच्या तोंडी 'चेमिरोचा' झालं, आणि १९५० मध्ये आफ्रिकेतलं लोकसंगीत गोळा करणारे ह्यू ट्रेसी तिथे रेकॉर्डिंग करायला गेले तर पोरी त्याच्यावर गाणं म्हणत होत्या, अर्धा माणूस अर्धा हरिण असा तो चेमिरोचा! क्षयाने पस्तिसाव्या वर्षी गेलेला मिसिसिपीचा रेल्वे कामगार, आणि त्याचं गाणं कुठल्या कुठे पोचलं.

भाचीला काल रात्री बेलीचं रेकॉर्डिंग पाठवलं, ज्यात एका हार्मोनिकावर अख्खी आगगाडी धावते. आज सकाळी तिने ते क्लासच्या ग्रुपवर टाकलंय, त्याच फॉरवर्डला रिप्लाय म्हणून.