‘सूत्रं पाठ करा, समजून घेत बसू नका’ हा सल्ला कुठे फसतो

परीक्षा जवळ आली की एक संदेश हमखास फिरू लागतो. ‘गणित समजून घेण्यात वेळ घालवू नका. बीजगणितात संख्या पलीकडे नेली की चिन्ह बदला, संभाव्यतेत हवे ते भागिले एकूण करा, क्षेत्रफळाच्या सूत्रात आकडे भरा. पैकीच्या पैकी!’ मी मुलांच्या वह्या तपासते. या सल्ल्याने होणारं नुकसान मला वहीवहीत दिसतं, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘पलीकडे नेलं की चिन्ह बदला.’ क्ष + ५ = १२ मध्ये हे चालून जातं. पण −२क्ष = ६ आलं की? एका मुलीने −२ पलीकडे नेला, त्याचं चिन्ह बदललं, ६ ला २ ने भागलं आणि क्ष = ३ लिहिलं. सांगितलेला नियम तिने तंतोतंत पाळला होता. उत्तर मात्र −३ आहे. पलीकडे काही जात नसतंच. पहिल्या समीकरणात आपण दोन्ही बाजूंतून ५ वजा करतो, दुसऱ्यात दोन्ही बाजूंना −२ ने भागतो. हे एकदा डोक्यात बसलं की चिन्हाची भीती उरत नाही.

‘हवे ते भागिले एकूण.’ सूत्र खरं आहे, पण त्याची अट संदेशात गाळली आहे: मोजलेल्या सगळ्या शक्यता समसंभाव्य, म्हणजे प्रत्येक घडण्याची संधी सारखीच, हव्यात. आणि ‘एकूण’ म्हणून काय मोजायचं, ते सूत्र सांगत नाही. इथे भलेभले चुकलेत. नाणं दोनदा फेकलं तर निदान एक छापा पडण्याची संभाव्यता किती? दालांबेर या मोठ्या फ्रेंच गणितज्ञाने १७५४ साली फ्रेंच विश्वकोशात याचं उत्तर २/३ असं मांडलं. त्याचं म्हणणं असं, की पहिल्याच फेकीत छापा पडला तर खेळ तिथेच संपला. मग उरल्या तीनच शक्यता: छापा, काटा-छापा, काटा-काटा. पण त्यातल्या पहिल्या ‘छापा’च्या पोटात छापा-छापा आणि छापा-काटा अशा दोन शक्यता दडल्या आहेत. चारही लिहून काढा, उत्तर ३/४ येतं. दालांबेरला भागाकार येत नव्हता असं कोण म्हणेल? चूक मोजण्यात होती. दोन फाशांचंही तेच. बेरीज २ ते १२, म्हणजे अकरा प्रकारची येते, म्हणून ७ येण्याची संभाव्यता १/११ लिहिणारी मुलं पुष्कळ असतात. खरं उत्तर ६/३६, कारण फाशांच्या ३६ जोड्यांपैकी सहा जोड्यांची बेरीज ७ होते. २ ची बेरीज देणारी जोडी मात्र एकच.

‘सूत्रात आकडे भरा.’ मग हे सांगा: चौरसाची बाजू दुप्पट केली तर क्षेत्रफळ किती पट? आकडे दिलेले नाहीत, तेव्हा भरायचं काय? आणि अंदाजाने ‘दुप्पट’ लिहिलं जातं. चौरस काढून पाहिला तर आत मूळचे चार चौरस बसलेले दिसतात. याच चित्रातून (अ + ब)² सुद्धा सुटतं. कित्येक मुलं ते अ² + ब² लिहितात. ३ आणि ४ घ्या: (३ + ४)² म्हणजे ४९, पण ९ + १६ होतात २५. राहिलेले २४ कुठे गेले? ७ बाजूच्या चौरसात ३ चा आणि ४ चा चौरस समोरासमोरच्या कोपऱ्यांत ठेवा, ३ × ४ चे दोन आयत मोकळे राहतात. तेच २अब. हे चित्र ज्याने हाताने काढलं, तो मधलं पद सहसा विसरत नाही.

‘समजून घेण्यात वेळ जातो.’ सुरुवातीला जातो, हे मान्य. सूत्रं तोंडपाठ असावीत हेही मान्य, दर वेळी चौरस काढत बसायला कोणी सांगत नाही. पण त्या मुलीला मी एवढंच म्हटलं, ‘तुझा ३ समीकरणात परत ठेवून बघ.’ तिने −२ × ३ = −६ लिहिलं, उजवीकडच्या ६ कडे पाहिलं आणि न विचारताच ३ च्या मागे वजा लावला.