‘भावना विचारल्या की पोट्टे बिघडतात’ म्हणे!

नागपुरातल्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरून राहिला आहे: “पाच वर्षांपर्यंत मुलांना भावना कळत नाहीत. काय वाटतं विचाराल तर रडणं वाढेल. काय हवं विचाराल तर डोक्यावर बसतील. आम्ही धपाटे खाऊनच मोठे झालो.”

पहिलं वाक्य सपशेल चूक. १९८५ साली अमेरिकेत वर्षभराच्या बाळांवर झालेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. टेबलावर जाड काच, काचेखाली खड्डा दिसेल अशी रचना. पलीकडून आईने हसरा चेहरा केला तेव्हा १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही नाही. भावना कळतात, सांगायला शब्द नसतात.

ते शब्द दिले की रडणं वाढतं? मारबतीच्या मिरवणुकीत बघा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मोठमोठे पुतळे काढतात ती. काळी मारबत जवळ येते, ढोल वाजतात, आणि बापाच्या खांद्यावरचं पोट्टं किंचाळतं. “भित्रा कुठला!” म्हटल्याने भीती जात नाही, वर लाज चढते. “भीती वाटली ना? केवढी मोठी आहे! चल, थोडं मागे उभं राहू,” यात पोराला आपल्याला काय होतंय ते कळतं आणि त्यावर काय करायचं तेही. रडू लगेच थांबेलच असं नाही. आणि भावना मान्य म्हणजे वागणं मान्य, असंही नाही: राग आला तर आला, पण बहिणीला चावायचं नाही.

तिसऱ्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे. तीन वर्षांच्या पोराला “काय हवं?” असं मोकळं विचारणं म्हणजे भांडण ओढवून घेणंच. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना डोकं झाकायचंच, ते आपण ठरवायचं. टोपी की दुपट्टा, हे त्याने. औषधाला तर “घेतोस का?” विचारूच नये, कारण त्याचं ‘नाही’ आपल्याला चालणार नसतं. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याला, मिळालेल्या बोजाऱ्यातून (खाऊच्या पैशांतून) त्याने फुगा घेतला आणि घरी पोचेस्तोवर फुटला, तर लगेच दुसरा आणू नका. “वाईट वाटलं ना,” म्हणा. पुढच्या वर्षी तो फुगाच घेईल कदाचित, घेऊ द्या.

राहिले धपाटे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने एप्रिल २०१० पासून शाळेत मारायला आणि मानसिक छळाला मनाई आहे. शाळेतल्या बाईंनी मारलं तर तक्रार करणारे आपणच, मग घरी तोच धपाटा संस्कार कसा होतो?