बहिणाबाईंनी डायरी लिहिली नव्हती

३ डिसेंबर, म्हणजे बहिणाबाई चौधरींची पुण्यतिथी जवळ आली की एक संदेश ठरल्यासारखा फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: ‘खान्देशातली एक अडाणी शेतकरीण. ती गेल्यावर मुलाला पेटीत आईची डायरी सापडली. आचार्य अत्र्यांनी ती वाचली आणि महाराष्ट्र थक्क झाला. अहिराणीतल्या या कविता तिला आपोआप सुचत.’ शेवटी बऱ्याचदा ‘संतकृपा झाली, इमारत फळा आली’ ही ओळ आणि हात जोडलेले. त्यावर कुणीतरी हटकून लिहितो, ‘अहो, मुलगाच कवी होता. त्यानेच लिहून आईचं नाव लावलं.’ संदेश भाबडा, उत्तर खवचट, आणि चूक दोन्ही.

ओळीचं आधी उरकून घेऊ. ‘संतकृपा झाली’ हा अभंग संत बहिणाबाईंचा. त्या सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या. आपल्या बहिणाबाई १८८० साली जळगावजवळच्या आसोद्यात महाजनांच्या घरी जन्मल्या, जळगावच्या चौधरींकडे दिल्या गेल्या आणि १९५१ साली वारल्या. दोघींमध्ये अडीचशे वर्षांचं अंतर आहे. नाव सारखं एवढ्यावरून एकीचा अभंग दुसरीच्या फोटोखाली छापणं हा निव्वळ आळस.

आता डायरी. संदेश पहिल्या ओळीत बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं असं सांगतो आणि पुढच्याच ओळीत त्यांची डायरी शोधून काढतो! लिहिता येत नसलेल्या बाईने डायरी लिहिली कशी, हा प्रश्न पुढे ढकलणाऱ्या एकालाही पडत नाही. बहिणाबाई घरोट्यावर, म्हणजे जात्यावर, दळताना, शेतात काम करताना गाणी रचत आणि म्हणत. ती कागदावर उतरवली मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी. म्हणजे बहिणाबाईंचे म्हणून जे कागद आहेत, त्यांवरचं अक्षर दुसऱ्यांचं आहे. आई गेल्यावर सोपानदेवांनी ही गाणी अत्र्यांना दाखवली. हे बावनकशी सोनं आहे, असं अत्रे म्हणाल्याचं सगळ्यांना ठाऊक आहे. १९५२ साली त्यांच्याच प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ आलं. अत्र्यांचं श्रेय मोठंच. पण ज्यांनी आईच्या तोंडचं ऐकून टिपून ठेवलं, त्यांच्या वाट्याला या संदेशात फक्त पेटी उघडण्याचं काम येतं. पितांबरांना तर तेही नाही.

अहिराणीबद्दल जळगावकडचा माणूस लगेच सांगेल. ‘माझी माय’ला अहिराणीत ‘मनी माय’ म्हणतात. बहिणाबाई म्हणतात, ‘माझी माय सरसोती, माले शिकवते बोली’. ही लेवा गणबोली, जळगावकडच्या लेवा समाजाची बोली. ‘माले’, ‘तुले’, ‘ळ’च्या जागी ‘य’ हे तिच्यात ऐकू येतं. खान्देशात एकच बोली आहे असं पुण्या-मुंबईत धरून चालतात, तिथून हा घोळ होतो.

‘अडाणी’ आणि ‘आपोआप’ या दोन शब्दांचा मला जास्त राग येतो. जळगावात नानाजींचा छापखाना आला, त्यावर बहिणाबाईंनी गाणं केलं. त्यातल्या चार ओळी अशा:

मानसापरी मानूस
राहतो रे येडजाना
अरे होतो छापीसनी
कोरा कागद शहाना

कोरा कागद छापून शहाणा होतो आणि माणूस मात्र येडाच राहतो. अक्षर न येणारी बाई छापखान्याकडे पाहून शिकलेल्यांची अशी फिरकी घेते. हिला अडाणी म्हणायचं?

आणि आपोआप काही होत नाही. कागद हाताशी नसला की कडवं डोक्यात टिकेल अशाच घाटाचं करावं लागतं. ‘अरे संसार संसार’, ‘मन वढाय वढाय’, ‘अरे घरोटा घरोटा’: शब्द दोनदा येतो, गाणं लयीत बसतं आणि पुढची ओळ जुळवायला क्षणभर सवडही मिळते. ‘बिना कपाशीनं उले, त्याले बोंड म्हनू नही, हरी नामाईना बोले, त्याले तोंड म्हनू नही’ यात बोंड आठवलं की तोंड सुटत नाही. ही कारागिरी आहे. जात्यावर बसणाऱ्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या घासून ठेवलेली, आणि हिने त्यात आपलं डोकं घातलेलं.

राहिला खवचट आक्षेप. त्यातला वजनदार मुद्दा आधी मान्य करू: सोपानदेव नाव असलेले कवी होते आणि त्यांच्या ‘आली कुठूनशी कानी टाळमृदुंगाची धून’ या ओळीतही ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर’सारखीच आठ-आठ अक्षरं पडतात. मोजून पाहा. पण यावरून मुलाने आईच्या नावावर लिहिलं असं निघत नाही. जो मुलगा घरोट्याशेजारी वाढला, त्याच्या कानात आईचं माप बसलं, असं का म्हणू नये? शिवाय सोपानदेवांची ही कविता प्रमाण मराठीत चालते. आईच्या गाण्यात उपननी (धान्य वारवणं), पोळा, आखजी (अक्षय्य तृतीया), मोट असं सगळं शेतघर तिच्या बोलीसकट येतं. ही गाणी टिपणारा दुसरा माणूस होता, हेही आक्षेप घेणारे सोयीने विसरतात. ऐकून लिहिताना बोलीतला उच्चार कसा मांडायचा हे लिहिणाऱ्याला ठरवावंच लागतं, एवढा सोपानदेवांचा हात मी धरून चालतो. त्यापुढे जाऊन कवितेची मालकी त्यांना द्यायची असेल, तर ‘लपे करमाची रेखा माझ्या कुंकवाच्या खाली, पुशीसनी गेलं कुंकू, रेखा उघडी पडली’ हे वाचून मग बोला. तिशीच्या आसपास विधवा झालेल्या बाईचं हे बोलणं आहे. कुंकू पुसल्यावर दिसलेलं कपाळ तिचं आहे, मुलाचं नाही.